पहिल्या पाण्याचा मान

बिशान, सिंगापूर
शनिवार, २६ जुलै २०२५

ती. सुचित्राताईंना गिरिजाचा नमस्कार.

आपण दोघी जावा एकाच गावात राहतो, सर्कल लाइनला मधे गाडीसुद्धा बदलावी लागत नाही, आणि तरी मी पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला हसू येईल. येऊ दे. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो ताई' म्हणते. मला काय बोलायचं होतं ते फोन ठेवल्यावर भाजी निवडताना आठवतं. कागदावर तुम्हाला मधे बोलता येत नाही. तन्वी दर शनिवारी तुमच्याकडे येतेच, तेव्हा तिकिटाचा खर्चही नाही.

आधी तन्वीचं. तिला शाळेसाठी युरोपातल्या निरंकुश राजांवर चार हजार शब्दांचा निबंध लिहायचा आहे. तुम्ही पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवलेला, म्हणून मी तिला तुमच्याकडे धाडली. तुम्ही शिकवता आहात त्याबद्दल आभार. पण मागच्या आठवड्यात जेवताना ती इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "आई, काकूचं नवरात्र म्हणजे व्हर्साय, लाह. राजा झोपायला निघाला की सगळे उभे राहून बघणार, आणि आज मेणबत्ती कोणी धरायची तो मान राजाच देणार." हे हसले. मला हसू आलं नाही, कारण मेणबत्ती धरणारी मी आहे. लग्न होऊन सिंगापूरला आल्यापासून तुमच्या कॉन्डोत आरतीचं तबक मी धरते आणि ओवाळता तुम्ही.

आता मुद्दा. मागच्या नवरात्रात मी माझे नवे टाक घेऊन तुमच्याकडे आले होते. भवानी आणि खंडोबा, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, आपली चुलत जाऊ सविता हिने पुण्याहून आणून दिलेले. सासूबाईंनी घालून दिलेली रीत मी मोडली नाही. धाकटीला देव्हारा वेगळा मांडायचा असेल तर नव्या देवांना पहिलं पाणी थोरल्या जावेने घालायचं, त्यानंतरच त्यांची पूजा सुरू होते. तुम्ही माझ्या हातातून डबा घेतलात, सगळ्यांसमोर म्हणालात, "एका घराला एक देव्हारा पुरतो," आणि डबा नेऊन वॉशिंग मशिनवर ठेवलात. मशिन चालू होतं. माझे देव त्यावर थरथरत होते आणि मी तुमच्या पाहुण्यांना साबुदाण्याचे वडे वाढत होते.

तेव्हापासून ते डब्यातच आहेत, तांदळात, लाल कापडाखाली. त्यांना स्नान नाही, फूल नाही. मी रोज सकाळी डब्याला हात जोडते आणि मला माझीच लाज वाटते.

नवरात्र २२ सप्टेंबरला बसतं. त्याआधी तुम्ही पहिलं पाणी घालणार का, एवढंच विचारते. हो की नाही लिहा. व्याख्यान नको.

गिरिजा


बुओना व्हिस्टा
२ ऑगस्ट

चि. सौ. गिरिजास आशीर्वाद.

पत्र मिळालं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलंस, मार्चची एकादशी उलटी दिसत होती. काटकसर समजली.

व्याख्यान नको म्हणतेस, पण मुलीच्या डोक्यात अर्धवट शिरलं आहे आणि तुझ्या डोक्यात त्याहून अर्धवट, तेव्हा ऐक. निरंकुश राजे आभाळातून पडले नव्हते. त्याआधी युरोपात देव कसा भजायचा यावरून शेजाऱ्याने शेजाऱ्याला कापलं होतं. एकेक सरदार आपापलं सैन्य बाळगून होता. चौदावा लुई बारा वर्षांचा असताना पॅरिसचा जमाव राजवाड्यात त्याच्या पलंगापाशी आला, राजा पळून तर गेला नाही ना ते बघायला. ते पोर झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलं. त्या पोराने मोठेपणी सगळ्या दोऱ्या आपल्या हातात घेतल्या, राजधानीतून उठून व्हर्सायला गेला आणि सरदारांना डोळ्यासमोर आणून ठेवलं. लोकांनी ते करू दिलं, कारण लोक दमले होते. कोणीतरी एकाने सांभाळावं असं त्यांनाच वाटत होतं. हे तुझ्या दहावीच्या पुस्तकात नसेल.

सासूबाई गेल्या त्या आठवड्यात पुण्यात काय चाललं होतं ते तू पाहिलं आहेस. चुलत सासवा पिशव्या घेऊन आल्या होत्या, कोणाला टाक हवे, कोणाला समई. मी देव पदराखाली धरून विमानात बसले. म्हणून आज सगळ्यांना जमायला एक ठिकाण आहे. शामकांतांनी धाकट्या भावाला, हेमूला, बोटीवरच्या नोकरीतून उतरवून आपल्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसवलं तेही घर एक राहावं म्हणूनच. आणि तुला आता बिशानला वेगळी गादी मांडायची आहे.

लुईचा एक नियम होता. त्याचं फर्मान कोर्टाने आधी वहीत नोंदवायचं, हरकत काय असेल ती नंतर लिहायची. तुलाही तेच सांगते. आधी गणपतीला ये, तबक धर. हरकत नंतर.

टाकांचं उत्तर, नाही. आणि डबा मशिनवर ठेवला तो ओटा ओला होता म्हणून.

सुचित्रा


बिशान
९ ऑगस्ट

ती. ताईंना नमस्कार.

आज राष्ट्रीय दिन. सकाळपासून डोक्यावरून विमानं जाताहेत, समोरच्या ब्लॉकला खालपासून वरपर्यंत झेंडे लागले आहेत. एवढ्या आवाजात राग नीट येत नाही, तरी प्रयत्न करते.

तुमच्या टिपा तन्वी मला मराठीत सांगते. ती बोलते, मी कणीक मळते. लुईचं पटलं. बारा वर्षांच्या मुलाच्या पलंगाशी गर्दी आली तर त्याला पुढे गर्दीची भीती वाटणारच. पण ताई, तुमच्या पलंगाशी कोणी आलं नव्हतं. पिशव्या घेऊन आलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या, त्यातली एक आता नाही.

मला इंग्लंडचा चार्ल्स जास्त कळला. दोन्ही राज्यांत प्रार्थना एकाच पुस्तकातून झाली पाहिजे असं त्याने ठरवलं आणि ते पुस्तक स्कॉटलंडला धाडलं. तिथल्या बायका देवळात आपापली स्टुलं घेऊन बसायच्या. नव्या पुस्तकातून वाचायला सुरुवात झाली तशी एका भाजीवालीने बसायचं स्टूल उचलून पाद्र्याच्या दिशेने भिरकावलं म्हणतात. तन्वी सांगत होती की तुम्ही हे एका ओळीत उरकलंत, दंतकथा असेल म्हणून. असेल. मला ती दिवसभर पुरली. बाई देवाच्या विरुद्ध नव्हती. तिचा देव तिला तिच्या रीतीने भजायचा होता, एवढंच.

मी गणपतीला येणार नाही. भिऊ नका, स्टूल फेकणार नाही. तुमच्याकडची सगळी भारी आहेत, एखादं मोडलं तर भरून द्यावं लागेल.

ह्यांच्या नोकरीचं तुम्ही काढलंत. उपकार ह्यांच्यावर आहेत आणि ते फेडतात. 'दादा म्हणतील तसं' हे त्यांचं उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असतं. माझ्या देवांवर भाऊजींचे उपकार नाहीत.

मला वेगळी गादी नको आहे. आम्ही बिशानला फ्लॅट घेतला, तन्वी इथेच वाढली, ह्यांच्या गुडघ्यांना आता पुण्याचे जिने झेपत नाहीत. आम्ही परत जाणार नाही, हे मी कोणाजवळ बोलले नव्हते, तुम्हाला पहिल्यांदा लिहिते आहे. जिथे माझं म्हातारपण जायचं त्या घरात मला सकाळी दिवा लावायला माझे देव हवेत. तुमच्या घरचे देव मला वर्षातून नऊ दिवस भेटतात, तेही तबकाआडून.

गिरिजा


बुओना व्हिस्टा
३० ऑगस्ट

गिरिजास,

हेमू गणपतीला एकटा आला. लग्नघरात चुकून शिरल्यासारखा कोपऱ्यात उभा होता. भावाने विचारलं, "गिरिजा?" तर म्हणाला, "पाठ धरली आहे." इतकं वाईट खोटं बोलतो तो, त्याला हे काम देऊ नकोस.

तुझे एकवीस मोदक मिळाले. मी नैवेद्याला ठेवले नाहीत, खाली गार्डला दिले. माझा नियम तुला माहीत आहे. ज्या घरात देव पारोसे, स्नानावाचून पडलेले, त्या घरचं मी देवाला दाखवत नाही आणि त्या घरचं पाणी पीत नाही. सविताच्या घरभरणीला गुरुजी उशिरा आले तर पूजा होईपर्यंत मी कोरड्या घशाने बसले होते. तिने तीनदा सरबत पुढे केलं. नियम सगळ्यांना सारखा, माझ्यासकट.

स्टुलाची गोष्ट तुला फार आवडलेली दिसते, पण स्टूल फेकल्याने राजा पडत नाही. स्कॉटलंड उठल्यावर चार्ल्सला सैन्य लागलं, सैन्याला पैसा लागला, आणि पैसा मंजूर करणारी सभा त्याने अकरा वर्षं बोलावली नव्हती. ती बोलावावी लागली आणि त्याला महागात पडली. शेवटी लढाई, मग खटला, मग कुऱ्हाड. हे झालं कारण त्याच्या विरुद्ध उभी राहायला माणसं होती, पैसेवाली, घोड्यावर बसणारी. तुझ्या बाजूला कोण आहे? हेमू?

परत जाणार नाही म्हणतेस. मला वाटलंच होतं. अशी माणसं आधी देव हलवतात आणि मग भाषा बदलतात. तन्वी आत्ताच माझ्याशी 'लाह' लावून बोलते.

घर सोडून जायचं तर जा. माझ्या हातून पाणी मागू नकोस.

सुचित्रा


बिशान
१३ सप्टेंबर

ताई,

पितृपक्ष चालू आहे. चांगलं काही लिहू नये अशा दिवसांत, ते बरंच झालं.

मोदकांचं कळलं. तुमच्या गार्डने तन्वीला थांबवून सांगितलं की त्याच्या आईच्या कोळकट्ट्यांसारखे, म्हणजे तमिळ मोदकांसारखे होते, घरी नेऊन पोरांना दिले. म्हणजे देवापर्यंत पोचले.

माझ्या बाजूला कोण आहे विचारलंत. तुमच्या बाजूला कोण आहे ते सांगू का? लुईने दुसऱ्या पंथाच्या लोकांना आजोबांनी दिलेली मोकळीक काढून घेतली. राज्यात एकच रीत चालेल म्हणाला. लोकांना देश सोडायलाही बंदी, पकडले तर पुरुषांना वल्हं मारायला जहाजावर धाडायचे. तरी लाखावर लोक हद्द ओलांडून गेले. विणकर गेले, घड्याळजी गेले. जे राहिले त्यांतले कितीतरी बाहेरून वळले आणि घरात दार लावून आपलंच भजत राहिले. आणि दरबारी राजाला सांगत होते की सगळे मनापासून वळले, आता कोणी उरलं नाही. खरं कोण सांगणार? सांगणाऱ्याच्या हातातली मेणबत्ती गेली असती.

तुम्हाला कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आपली चुलत जाऊ रुचिरा दरवर्षी तुमच्या हॉलमध्ये म्हणते ना, "आमच्याकडे काही नाही बाई, सगळं ताईंकडेच"? तिच्या घरी पाच वर्षं घट बसतो. सकाळी आपला बसवते, मग नवं पातळ नेसून तुमचा बघायला येते. सविताच्या घरी टाक आहेत, तिने पहिलं पाणी स्वतःच घातलं. दोघींना तुमच्याकडे मानाची ओटी मिळते. विचारायला आले मी एकटी, तर माझा डबा मशिनवर गेला.

मलाही घालता आलं असतं. नळ घरात आहे, ताम्हन घरात आहे, तुम्हाला कळलंही नसतं. पण मग ते देव चोरून आणल्यासारखे झाले असते. मला सासूबाईंच्या रीतीने हवेत, आणि ती रीत तुमच्या हातात आहे. हेच माझं दुखणं आहे. तुम्ही मोठ्या आहात हे या घरात मनापासून मानणारी मी एकटीच उरले आहे.

तुमच्याच टिपांत आहे की कोर्ट फारच आडून बसलं की राजा स्वतः तिथे येऊन गाद्यांवर बसायचा. राजा समोर आला की बाकीच्यांनी गप्प व्हायचं. या तुम्ही. सोमवारी, घटस्थापनेला. माझ्याकडे गाद्या नाहीत, पाट मांडून ठेवते. माझ्या घरात बसून, देवांच्या डब्यासमोर नाही म्हणा. मग मी परत विचारणार नाही आणि पुढच्या वर्षी तबक धरायला येईन.

गिरिजा


बुओना व्हिस्टा
२० सप्टेंबर

गिरिजा,

रुचिराला विचारलं. ती रडली, म्हणजे खरं आहे. सविता फोन उचलत नाही.

सोमवारी माझा घट सकाळी बसेल. मग दुपारी येते. अखंड दिव्याशी शामकांत बसतील, त्यांना दिवा सांभाळणं जमेल एवढी आशा करते.

तुला नाही म्हणायला येते आहे, पाहुणचाराला येत नाही. काही करत बसू नकोस. तुझ्या घरचं पाणी मी घेणार नाही, नियम तुला लिहिलाच आहे. माझी बाटली माझ्या पिशवीत असेल.

सुचित्रा


बिशान
२७ सप्टेंबर

ती. ताईंना नमस्कार.

काल तुमच्या फंक्शन रूममध्ये हळदीकुंकवाला तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "मी गिरिजाला देव दिले." रुचिराने मला लगेच कळवलं, तिला आता दोन्हीकडे चांगलं राहायचं आहे. दिले हा शब्द बरोबर नाही. सोमवारी झालं ते जसंच्या तसं लिहून पाठवते, जवळ ठेवा.

आमच्या ब्लॉकची लिफ्ट त्या दिवशी तपासणीसाठी बंद होती. तुम्ही सातव्या मजल्यावर जिन्याने आलात. उपास, मधुमेहाची गोळी आणि बाहेर ते ऊन. दार उघडलं तर कपाळावरचं कुंकू ओघळून भुवईत आलं होतं.

"लिफ्ट बंद आहे हे कळवायला काय झालं होतं?"

"तुम्ही माझा फोन घेत नाही, ताई."

"मेसेज करायचा."

"तोही वाचत नाही."

पाटाकडे तुम्ही बघितलंही नाहीत. खुर्चीवर बसलात. डबा समोर चौरंगावर होता. तुम्ही तोंड उघडलंत, आणि नाही म्हणायलाही तुमच्या घशातून आवाज निघेना. तन्वी शाळेतून नुकती आली होती. तिने तुमची पिशवी उचलून खुर्चीशेजारी ठेवली आणि कोणालाही देते तसं फुलपात्र भरून तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते ओठांपर्यंत नेलंत. मग थांबलात.

"देव पारोसेच आहेत?"

"वर्षभर," मी म्हटलं.

तुम्ही फुलपात्र टीपॉयवर ठेवलंत. थोडं पाणी सांडलं.

"काकू, just drink, lah," तन्वी म्हणाली. "Nobody looking."

"देव बघतायत."

"ते तर डब्यात आहेत."

ताई, मला तेव्हा हसू फुटणार होतं, तुमचा चेहरा बघून ते गेलं. चेहरा पांढरा पडला होता. तन्वी म्हणाली, खाली कोपीटियममधून, चहा-कॉफीच्या दुकानातून, विकतची बाटली आणते, ती तर घरची नाही. तुम्ही म्हणालात, "सात मजले उतरून परत चढून येईपर्यंत मी काय करू? बस इथे." मग माझ्याकडे न बघता, "ताम्हन आण."

मी आणलं. तुम्ही खुर्चीवरून उठून पाटावर बसलात. कापड तुम्हीच सोडलंत. भवानीवर पहिली पळी, खंडोबावर दुसरी. घसा कोरडा असूनही एक अक्षर गाळलं नाहीत. पुसून कुंकू लावलंत, फूल वाहिलंत. मग आधी तीर्थ घेतलंत आणि त्यानंतर तांब्याभर पाणी, एका दमात.

हे असं झालं. तुम्ही मला देव दिले नाहीत. तुमची बाटली तुम्ही घरी विसरलात, आणि तुमच्या नियमाने तुमच्याकडून पाणी घालून घेतलं. तन्वीने निबंधात लिहिलं आहे की लुईने दरबाऱ्यांना बांधायला एवढे रीतिरिवाज घातले की शेवटी तोही त्यांत बांधला गेला. त्याला उठायचं झालं तरी माणसं, निजायचं झालं तरी माणसं. हे वाक्य तुम्हीच तिला सांगितलेलं आहे.

घट बसला. गहू चांगले उगवले आहेत. हळदीकुंकवाला मी आले नाही कारण दिव्याशी कोणीतरी लागतं, आणि ह्यांना दिवा जमत नाही.

गिरिजा


बुओना व्हिस्टा
४ ऑक्टोबर

गिरिजास,

दसरा झाला, म्हणून लिहिते. तुझा वृत्तान्त वाचला. मी दिले असंच मी म्हणणार. पहिलं पाणी कोणाच्या हातचं होतं? माझ्या. बाकी लिफ्ट, साखर, बाटली, ही टीप म्हणून खाली लिही.

जाताना जिना उतरताना तू माझा दंड धरलास, सातव्यापासून खालपर्यंत. ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तन्वीचा निबंध वाचला. मधला भाग चांगला, शेवट कच्चा आहे. राजाच्या सत्तेला मर्यादा कोणत्या, तर तिने पैसा, कोर्ट, प्रांतांचे जुने हक्क असं लिहिलं आहे. बरोबर आहे, परीक्षकाला आवडेल. पण सगळ्यात मोठी तिने सोडली. तिला सांग, लुईने बहात्तर वर्षं राज्य केलं, त्याच्यासमोर खोकायलाही लोक भीत. मरण्याआधी त्याने मृत्युपत्र केलं, पणतू लहान आहे तोवर कारभार कोणी बघायचा, पोराला कोणी वाढवायचं, सगळं लिहिलं. तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी कोर्टाने ते बाजूला ठेवलं. ज्या कोर्टाला त्याने आयुष्यभर तोंड उघडू दिलं नव्हतं त्याच कोर्टाने. राजाचा शब्द राजाच्या श्वासाएवढाच लांब असतो. हे तिने शेवटी घालावं.

मीही जुन्या देवांचं लिहून ठेवणार आहे. तुला मिळणार नाहीत, हे आधीच सांगते, आशा ठेवू नकोस. ते थोरल्या घरचे आहेत, थोरल्या घरी जातील. सौमित्रला मी विचारलं. सिअॅटलचं घर चार बेडरूमचं आहे, पण म्हणाला, "आई, कुठे ठेवू? एखाद्या म्युझियमला दे, they'll take care." काचेच्या पेटीत. तिथे रोज पाणी कोण घालतं?

असो. शामकांतांनी त्या दुपारी दिवा विझवला होता. मी येईपर्यंत परत लावून ठेवला, त्यांना वाटलं मला कळणार नाही.

सुचित्रा


बिशान
११ ऑक्टोबर

ती. ताईंना नमस्कार.

तन्वीने शेवट बदलला. मृत्युपत्र घातलं. तुमचं श्वासाचं वाक्यही घालणार होती, मी नको म्हटलं, ते तुमचं आहे.

काल रात्रीची भांडी विसळताना ती सहज म्हणाली, "त्या दिवशी निघताना उचलली तर काकूची बॅग कसली heavy होती. बाटली full होती आत." मी विचारलं, कुठली बाटली? "तिची, निळी. वरच होती. मला वाटलं तुला माहीत आहे." मी नळ बंद केला.

बाटली तुमच्या हाताला लागेल इतकी जवळ होती. तुम्ही तिच्याकडे हात नेला नाहीत.

तुम्ही ती का काढली नाहीत ते मी विचारणार नाही. विचारलं तर तुम्ही काहीतरी लिहाल आणि ते खरं नसेल. तुमच्या विसराळूपणाची गोष्ट शेजारच्या मलय बाईपर्यंत सगळ्यांना सांगून झाली आहे, ती मी परत घेत नाही. तुम्ही 'मी दिले' म्हणता, म्हणा.

मशिनचंही विसरणार नाही. ओटा ओला होता तर पुसता आला असता.

तुमच्या देवांचं तुम्हाला हवं ते लिहा. सौमित्र लिहा, म्युझियम लिहा, वकिलाकडून शिक्का मारून घ्या. तुमच्यामागे तो कागद कोण पाळेल ते मला माहीत नाही, आणि मी पाळेन असा शब्द देत नाही. चौरंगावर माझे टाक मी उजवीकडे सरकवले आहेत. डावीकडे जागा रिकामी आहे. ती तुमच्यासाठी ठेवलेली नाही. पण या घरात देव पारोसे ठेवत नाहीत. कोणाचेही असोत. नियम आता माझाही तोच आहे.

निबंध संपला, तेव्हा तन्वी आता शनिवारी येणार नाही, आणि तिकिटावर पैसे घालवायचा माझा विचार नाही. उत्तर द्यायचं असेल तर तुम्हालाच आणून द्यावं लागेल. लिफ्ट सुरू झाली आहे. बाटली आणू नका.

गिरिजा